एक जून, मध्यरात्र

शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यापाड्यांतील वडीलधाऱ्यांची कागदपत्रे पाहिली, की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हापुन्हा भेटतो. शाळा जूनमध्ये उघडत. नाव घालताना गुरुजी वयाचा अदमास घेत आणि तारीख मांडून मोकळे होत. आई सांगे ते निराळेच असे: भातकापणी चालली होती, किंवा अमक्या पुराचे साल. ती माहिती खोटी नव्हती. रकान्यात मावणारी नव्हती, एवढेच.

याची आठवण आम्हांला झाली ती डेटाबेसविषयी वाचताना. 'पोस्टग्रेस'मध्ये 'डेट ट्रंक' नावाची एक क्रिया आहे. १७ नोव्हेंबर, दुपारचे २ वाजून ४० मिनिटे ही नोंद तिच्याकडून महिन्यापर्यंत छाटून घेतली, की उत्तर येते १ नोव्हेंबर, ००:००:००. छाटल्याची खूण मात्र उत्तरात राहत नाही. खरोखरची मध्यरात्र आणि छाटून उरलेली मध्यरात्र, दोन्ही एकसारख्याच दिसतात. गुरुजींचा १ जून याच कुळातला.

आपल्या जुन्या कालगणनेत सूक्ष्मतेची वाण नव्हती. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे. मुरबाडहून नाणेघाट चढला की जुन्नर, आणि तिथेच शिवनेरी. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी असून सोबत घटका-पळेही आहेत. तरी वाद रंगला तो पळांचा नव्हे, चक्क सालाचा: १६२७ की १६३०? घटका-पळे दिली आहेत म्हणून कोणी नोंद डोळे मिटून स्वीकारली नाही. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी मिळाली, तेव्हा शकावलीचे पारडे जड झाले. (आमच्या मते इतिहासाच्या वर्गात तारखेआधी हा वादच शिकवावा.)

संगणकाला असा संशय येत नाही. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ लागते. अदमासाने लिहिलेल्या तारखेवरून ते दिवसासकट मोजले जाते, आणि एखाद्या म्हातारीचे वर्ष-दोन वर्षांचे निवृत्तिवेतन त्या अदमासावर लोंबकळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला आहे. त्याआधीच्या पिढ्यांची सोय त्यात नाही. जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवणाऱ्यांनी तारखेशेजारी आणखी एक लहानसा रकाना ठेवावा: दिवस ठाऊक, महिना ठाऊक, की सालाचाही नुसता अदमास.