पोलाद घडण्याआधीचे गणित

तापलेले पाते पाण्यात बुडवले की कठीण होते, हे लोहाराच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागचे कारण उलगडायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1863च्या सुमारास आपण शेफील्डला पोचतो, तेव्हा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी पोलादाचा तुकडा गुळगुळीत घासून, त्यावर आम्लाची प्रक्रिया करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असतात. पोलादाच्या अंतरंगातली वीण प्रथम दिसली ती अशी. पुढे 1875 ते 1878 या काळात अमेरिकेत जोसाया विलार्ड गिब्ज यांनी पदार्थाच्या निरनिराळ्या प्रावस्था, म्हणजे वेगवेगळ्या रचनेची रूपे, कोणत्या नियमाने एकत्र नांदतात, हे मांडले. 1900 साली डच रसायनज्ञ बाखुइस रोझेबूम यांनी तोच नियम ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या मोजमापांना लावला आणि लोखंड-कार्बनच्या प्रावस्थांच्या नकाशाला शास्त्रीय बैठक मिळाली.

या नकाशात काळ नव्हता. कोणत्या तापमानाला काय स्थिर राहील हे तो सांगे. बदलाला वेळ किती लागेल, हे नाही. ती उणीव 1930 मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन यांच्या आलेखांनी भरून काढली. दशक सरताना कोल्मोगोरोव्ह, जॉन्सन व मेल आणि अव्रामी यांनी नव्या प्रावस्थेचे अंकुर फुटणे आणि वाढणे समीकरणांत बांधले. 1970 मध्ये कॉफमन आणि बर्नस्टाइन यांचे प्रावस्था-नकाशांच्या संगणकीय गणनेवरचे पुस्तक आले, तर 1981 मध्ये स्टॉकहोममध्ये ‘थर्मो-कॅल्क’ प्रणाली सिद्ध झाली. प्रत्येक प्रावस्थेची ऊर्जा तापमान व घटकांच्या प्रमाणानुसार लिहायची आणि एकूण ऊर्जा जिथे किमान होते तो समतोल शोधायचा, ही तिची रीत.

आता प्रवासाची दिशाच उलटली. आधी हवा तो गुण ठरवायचा, मग त्यासाठी घटक शोधायचे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये भादेशिया, काबायेरो आणि सहकाऱ्यांनी अशाच गणिताच्या आधारे सुमारे 1 टक्का कार्बन आणि सिलिकॉनची जोड असलेले पोलाद आखले. 200 अंश सेल्सिअसला जवळपास 10 दिवस ठेवल्यावर त्यात 20 ते 40 नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या तयार झाल्या आणि ताणबल 2.5 गिगापास्कलच्या घरात गेले.

तरीही या गणिताचा पाया मोजमापांचाच आहे. मूळ नोंद चुकली, तर संगणकाचे उत्तरही चुकते. म्हणूनच नव्या मिश्रधातूच्या श्रेयात भट्टीपाशी बसून अचूक तापमान टिपणाऱ्यांचा वाटा धरलाच पाहिजे.