टेक्सासच्या तुरुंगातला बौद्ध आणि कायद्याचं पुस्तक

कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं, मग आपण कलमं कशाला वाचायची, असं चळवळीतले काही तरुण हल्ली विचारतात. त्यांनी फ्रेड क्रूझचा लढा समजून घ्यावा.

क्रूझ मेक्सिकन वंशाचा, सॅन अँटोनियोचा. १९६०च्या दशकात दरोड्याच्या गुन्ह्यात टेक्सासच्या तुरुंगात गेला. तिथले तुरुंग म्हणजे कापसाची शेतं, काही तर जुन्या गुलामांच्या मळ्यांवरच उभारलेले. कैद्यांना मजुरी नाही. धाक ठेवायला निवडक कैद्यांनाच मुकादम करून इतरांवर सोडलेलं. (गावगाडा पाहिलेल्यांना हे तंत्र नवं नाही.) क्रूझ तिथे स्वतःच कायदा वाचायला शिकला आणि सोबत्यांचे अर्ज लिहू लागला. कैद्याने कैद्याला कायदेशीर मदत करणं नियमाविरुद्ध होतं. त्यासाठी त्याने एकांतकोठडी भोगली.

क्रूझ बौद्ध होता. तुरुंगात सरकारी खर्चाने ख्रिस्ती आणि ज्यू धर्मगुरू येत, बायबल फुकट मिळे. त्यांच्या सभांना गेलं की गुण मिळत, ते बरं काम आणि लवकर सुटका मिळायला उपयोगी पडत. बौद्धांना मात्र प्रार्थनागृह बंद. बौद्ध साहित्य इतरांना दिलं म्हणून मला दोन आठवडे पाव-पाण्यावर कोठडीत ठेवलं, अशी त्याची तक्रार होती. खालच्या दोन्ही कोर्टांनी सुनावणीच नाकारली. २० मार्च १९७२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रद्द केले. इतर धर्मीय कैद्यांना मिळते तशी वाजवी संधी बौद्धालाही मिळाली पाहिजे, असं सांगून खटला सुनावणीसाठी परत पाठवला. न्यायमूर्ती रेनक्विस्ट तेवढे विरोधात होते.

या निकालाचं श्रेय न्यायमूर्तींच्या दयाळूपणाला देणं मला पटत नाही. तुरुंगप्रमुख जॉर्ज बेटो यांना खरी भीती वाचणाऱ्या कैद्यांचीच होती. क्रूझच्या वकील फ्रान्सिस जॅलेट यांच्या अशिलांना त्यांनी १९७१मध्ये वेगळं काढून एकाच तुकडीत डांबलं. झालं उलटंच! काळे, गोरे, मेक्सिकन वंशाचे, एरवी वेगळे ठेवलेले कैदी तिथे एकत्र आले, एकमेकांकडून कायदा शिकले. त्यातलाच डेव्हिड रुईझ. त्याने १९७२मध्ये हाताने लिहिलेल्या अर्जावर १९८०मध्ये निकाल लागला आणि टेक्सासची सगळी तुरुंगव्यवस्थाच घटनाबाह्य ठरली.

आपल्याकडे स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा आणि झाडू कोणी मारायचा, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमांत छापलेलं होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, तेही ३ ऑक्टोबर २०२४ला. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात हा निकाल मराठीत कैद्यांच्या हाती पडला आहे का, हे माहिती अधिकारात विचारायला एक अर्ज पुरतो.