निद्रेची साथ आणि मानमोडी

१९१८ सालच्या इन्फ्ल्यूएन्झास महाराष्ट्रांत ‘मानमोडी’ म्हणत. जून महिन्यांत ती मुंबईस पोंचली, आणि पुढें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिला बळी पडलीं. फुफ्फुसांचा हा रोग मज्जासंस्थेसही ग्रासतो काय, या वादाचें मूळ युरोपांतील एका विलक्षण साथींत आहे.

१९१७ च्या वसंत ऋतूंत व्हिएन्ना येथील वैद्य कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनीं कांहीं रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी जेवतां जेवतां झोपीं जात; हांक मारली असतां नीट उत्तर देत, आणि पुन्हा डोळे मिटीत. कित्येकांस उलट झोपच येईना. (आफ्रिकेंतील माशीच्या दंशानें होणारा निद्रारोग तो हा नव्हे.) मृतांचे मेंदू तपासून इकोनोमो यांनीं असें दाखविलें कीं, मेंदूच्या तळाच्या एका भागास सूज आली असतां निद्रा अनावर होते, व त्याच्या पुढील भागास आली असतां ती नाहींशी होते.

पुढें मानमोडी आली. दोन्ही साथी एकत्र नांदल्या, आणि एक दुसरीची लेक ठरली. आम्हीही कित्येक वर्षें वर्गांत तसेंच सांगत आलों. परंतु सनावळी पाहावी, तर व्हिएन्नाचे रोगी मानमोडीच्या आधींचे! कार्य आधीं आणि कारण मागाहून, हें आमच्या नैयायिकांस तरी खपलें नसतें.

तथापि सर्वच पुरावा काकतालीय म्हणून टाकून देतां येत नाहीं. नोव्हेंबर १९१८ मध्यें एका जहाजाबरोबर इन्फ्ल्यूएन्झा पश्चिम सामोआंत शिरला व सुमारें पांचवा हिस्सा प्रजा मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआनें बंदरें रोखलीं व तो वांचला. निद्रेची साथ मागाहून पसरली, तीही मुख्यतः पश्चिम सामोआंतच. उलटपक्षीं, २००१ सालीं जपून ठेविलेल्या जुन्या मेंदूंच्या तुकड्यांत इन्फ्ल्यूएन्झाच्या विषाणूची खूण मिळाली नाहीं. यावरही कोणीं हुरळून जाऊं नये. विषाणु मेंदूंत न शिरतांही शरीराच्या संरक्षक शक्तीचा अतिरेक मेंदूस इजा करूं शकतो. इन्फ्ल्यूएन्झा झालेल्या मुलांच्या कांहीं तीव्र मेंदुविकारांत हें दिसलें आहे, आणि २०२० नंतर करोनाच्या रोग्यांविषयींही वैद्यांस हाच विचार करावा लागला.

या वादाशीं रोग्यांस कर्तव्य नव्हतें. १९३० च्या सुमारास साथ ओसरली, पण वांचलेल्यांपैकीं पुष्कळांस कांहीं वर्षांनीं कंपवातानें गांठलें. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत असे कित्येक जण अनेक दशकें पुतळ्यांप्रमाणें बसून होते. १९६९ सालीं ऑलिव्हर सॅक्स यांनीं त्यांस एल-डोपा हें औषध दिलें, तेव्हां त्यांतील कांहीं जण उठून चालूं-बोलूं लागले. पुष्कळांच्या बाबतींत हा गुण टिकला नाहीं.