अर्थ न बदलता नकारार्थी करा

शाळा-कॉलेजात इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा एक प्रश्न असायचा, आठवतोय? एक वाक्य द्यायचं आणि पुढे कंसात हुकूम: अर्थ न बदलता नकारार्थी करा. आमचा लाडका प्रश्न, कारण त्याला इंग्रजी यायची गरजच नव्हती. 'ओन्ली' दिसलं की 'नन बट', 'ॲज सून ॲज' दिसलं की 'नो सूनर... दॅन', 'ऑल्वेज ऑनेस्ट'चं 'नेव्हर डिसऑनेस्ट'. सरळ फाइंड अँड रिप्लेस! मार्क पैकीच्या पैकी.

पुढे इंजिनियरिंगला डी मॉर्गनचे नियम आले. 'नॉट' कंसाच्या आत ढकला, 'अँड'चा 'ऑर' करा, झालं काम. (हा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला, हे मला फार उशिरा कळलं.) दोन नकार म्हणजे एक होकार, यावर माझी तेव्हापासून अढळ श्रद्धा बसली.

ती श्रद्धा एका शुक्रवारी रात्री क्लायंटच्या कॉलवर हलली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "यू हॅवन्ट स्टार्टेड द मायग्रेशन, हॅव यू?" मी म्हणालो, "येस." म्हणजे, हो बाई, बरोबर आहे तुमचं, नाही केलंय सुरू. त्यांनी ऐकलं, सुरू केलंय. त्यांच्या लोकांनी तीन तास सगळी एंट्री बंद ठेवली आणि मी इकडे त्यांच्या परवानगीची वाट बघत चहा पीत बसलो. नंतर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. असो.

मी चुकलो का? मराठीत तर नाही. "तू काल आला नाहीस ना?" "हो, नाही आलो." आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीचा 'येस' घटनेला असतो: घडलं तर येस, नाही तर नो, प्रश्न कसाही विचारा. पण गंमत पुढेच आहे. इंग्रजीत हे पहिल्यापासून असं नव्हतं!

जुन्या इंग्रजीत दोन नाही, चार शब्द होते. सरळ प्रश्नाला 'ये' आणि 'ने' (स्पेलिंगमध्ये शेवटी एकात ए आणि दुसऱ्यात वाय), आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. म्हणजे 'येस'चं मूळ कामच नकार खोडून काढणं. "जेवला नाहीस ना?" "येस", म्हणजे "जेवलो की!" जर्मनमध्ये यासाठी आजही 'डोख' आहे, फ्रेंचमध्ये 'सी'. १५३२ साली सर थॉमस मोरने बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडेलला याच्यावरून झापलं: तुला 'ने' कुठे आणि 'नो' कुठे हेही कळत नाही! खरं भांडण धर्माचं होतं. १५३५ मध्ये मोरचं डोकं उडवलं गेलं, १५३६ मध्ये टिंडेलला मारून जाळलं. आणि गंमत म्हणजे हा नियम समजावताना मोर स्वतःच चुकला होता. इतका बारीक नियम टिकणार कसा? पुढच्या शंभरेक वर्षांत मोडलाच. चारातले दोन उरले आणि ते माझ्या वाट्याला आले.

आणि ते 'दोन नकार म्हणजे होकार'? तेही उपरंच. आधी इंग्रजीत क्रियापदापूर्वी नुसतं 'ने' लावायचे. (हा 'ने' वेगळा बरं का.) मग जोर यावा म्हणून मागे 'काहीच नाही' अशा अर्थाचा शब्द जोडू लागले, तोच झिजून 'नॉट' झाला. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास चालायचे, आणि ते एकमेकांना खोडायचे नाहीत, उलट बळ द्यायचे. पुढे 'ने' गळून पडला. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने १९१७ साली हा सगळा प्रवास मांडला.

नियम आला अठराव्या शतकात. रॉबर्ट लोथ या पाद्र्याच्या व्याकरणाने, १७६३च्या आवृत्तीत, दोन नकार एकमेकांना मारतात असं लिहून टाकलं. अशी कल्पना त्याच्याआधीही होती, पण लोथचं पुस्तक चाललं. १७९५ साली लिंडली मरेने यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं, त्यात हा नियम उचलला, आणि त्या पुस्तकाच्या प्रचंड प्रती खपल्या. बोलणारे लोक मात्र 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणतच राहिले. फक्त आता ते अडाणी ठरले.

आपल्याकडे या व्याकरणाची पाठ्यपुस्तकं नेसफील्डने आणि नंतर रेन आणि मार्टिन यांनी रुजवली. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी त्याचीच, १९२४ची. वाक्यांची उलटापालट शिकवण्यात वाईट काही नव्हतं. एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगता यावी, हाच हेतू. पण आम्ही शिकलो ते रूपांतर. 'अर्थ न बदलता' हे शब्द कुणी वाचलेच नाहीत.

कारण अर्थ बदलतो. 'आय ॲम हॅपी' आणि 'आय ॲम नॉट अनहॅपी' एक नाहीत. अप्रेझलनंतर मॅनेजरने "आय ॲम नॉट अनहॅपी विथ युअर वर्क" म्हटलं तर पार्टी द्याल का? कोडमध्ये दोन नकार पुसले जातात, माणसाच्या बोलण्यात मागे डाग ठेवून जातात. मशीनला दोनच किमती माहीत: खरं आणि खोटं. माणसाला मधलं बरंच काही माहीत असतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. नकारार्थी प्रश्न आला की नुसतं येस-नो म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं: "वुई हॅव नॉट स्टार्टेड." शाळेत 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' असंही सांगायचे. तेव्हा ते उगाच वाटायचं. उगाच नव्हतं की!