आंबील किती दिवसांनी प्यायची?

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की आपल्या धाराशिव-लातूरकडच्या घरांत ताक साठवायला सुरुवात होते. येळवशीला शेतात कडब्याची कोप उभी राहते, पाच पांडव मांडले जातात. भज्जी, उंडे आणि मातीच्या घागरीतली आंबील डोक्यावरून शेतात जाते.

मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं विचारलं, "आंबील लावली की किती दिवसांनी प्यायची?" कुणी म्हणालं एक रात्र, कुणी म्हणालं दोन रोज. तेवढ्यात आमच्यातली एक ताई म्हणाली, "आंबलेलं ते सगळं दारूच. माझ्या घरात आता काही आंबायचं न्हाई." बैठक गप्प झाली. तिचा नवरा हातभट्टीच्या दारूपायी गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. मग आम्ही जुन्या बायांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

आंबवण्याची विद्या फार जुनी, आणि ती बायकांच्या हातातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर देखरेख ठेवणाऱ्या सुराध्यक्षाचं एक आख्खं प्रकरण आहे. त्यात मेदक नावाच्या तांदळाच्या दारूचं माप दिलंय: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवायचं विरजण, ते उडदाच्या वाटणात तांदूळ घालून करत. आणि हे किण्व निवडण्या-सावडण्याचं काम बायका-मुलांनी करावं, असंही तिथं सांगितलंय. म्हणजे हात बाईचा, पण हिशेब राजाचा. घरच्यांना सणाकार्यापुरती सूट, जत्रा-उत्सवाला चार दिवसांची परवानगी, बाकी सगळं सरकारी.

आपलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. तगरचं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात जाई, आणि त्याच बंदरात इटलीची द्राक्षाची दारू जहाजानं उतरे. तेव्हाही दारू हा मोठ्या व्यापाराचा माल होता. घरची घागर त्या हिशेबात कुठंच नव्हती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. किती दिवस? प्रत्येक आंबवणीचं घड्याळ निराळं. शिंदीचा रस रात्रभर मडक्यात गळतो. पहाटे तो गोड नीरा असतो. ऊन चढलं की फेसाळतो, संध्याकाळपर्यंत चढणारी शिंदी होते, आणि आणखी ठेवला तर शिरका. बाळंतिणीला आपण देतो ते दशमूलारिष्ट याच्या उलट. काढ्यात गूळ, मध आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बंद करतात आणि साधारण महिनाभर हलवत नाहीत. परदेशात लोक घरी बिअर करतात, तिला आंबायला एक-दोन आठवडे आणि मग बाटलीत मुरायला तितकेच लागतात.

शिंदीचं हे घड्याळ आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातही वाजलंय. निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिंदी आणि दारूची अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. झाड आपल्या बांधावरचं, पण रस सरकारचा. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम निघाला. झाडच नाही तर रस नाही, आणि रस नाही तर निजामाचा महसूल नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज आपल्याला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, त्यामुळे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे.

आणि आपली ज्वारी? तीही दूरून आलीय. तिचं माहेर आफ्रिका. काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेत याच ज्वारीची आंबट बिअर बायका घरी करतात. ती काही दिवसांत तयार होते आणि फेसाळत असतानाच ताजी पितात, कारण ठेवली की बिघडते. १९०८ मध्ये तिथल्या नाताळ प्रांतात कायदा झाला आणि ही बिअर विकण्याचा मक्ता नगरपालिकांकडे जाऊ लागला. डर्बनच्या पालिकेनं बिअरहॉल काढले, आणि बायकांच्या घरच्या मडक्यांवर धाडी पडू लागल्या. १९५९ साली डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायका या धाडींविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. घरात मडकं फुटत होतं आणि नवऱ्याचा पगार बिअरहॉलमध्ये जात होता. हे वाचताना आम्हाला ती काही परकी माणसं वाटली नाहीत.

मग त्यांची बिअर आणि आपली आंबील, दोन्ही ज्वारीचीच, तर फरक कुठं पडतो? फरक मोडात आहे. बिअरसाठी दाण्याला मोड आणतात. मोडामुळे पिठूळपणाची साखर होते, यीस्ट ती साखर खातं आणि दारू तयार होते. आपण मोड आणत नाही. पीठ शिजवतो, निववतो आणि ताक घालतो. ताकातले जंतू ते आंबट करतात. म्हणून आंबील आंबट होते, पण नशेची होत नाही. येळवशीला कोपीत डोळा लागतो तो उन्हामुळं आणि पोटभर भज्जीमुळं. हातभट्टी तर आणखीच वेगळी. तिथं गुळाचं रसायन कुजवून भट्टीवर गाळतात, आणि त्यात काय काय मिसळलंय ते पिणाऱ्याला कळत नाही.

म्हणून सुनेच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. मार्गशीर्षातल्या थंडीत रात्रभर तर ठेवाच, हवं तर दुसरा दिवसही चालेल. चैत्रात उन्हाळा असतो, तेव्हा रात्री लावलेली सकाळी संपवा. वास घ्या, बोटावर चाखा. ताकासारखा आंबट वास आला तर प्या. बुरशी दिसली किंवा उग्र वास आला तर सरळ ओतून द्या, जीव घालू नका. आमची एक आज्जी म्हणते, "घड्याळ बघू नको, घागर बघ."

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. ती ताई ऐकत राहिली, काही बोलली नाही. येळवशीच्या दिवशी मात्र ती शेतात आली, डोक्यावर लहानशी घागर घेऊन. पहिला घोट तिनं स्वतः घेतला. मग म्हणाली, "कालच्या रातीची हाय. यापेक्षा जास्त मी ठेवणार न्हाई." आम्ही म्हणालो, "नको ठेवूस." आणि तिच्या घागरीतली आंबील सगळ्यांनी वाटून घेतली.