पालवणकर बाळू : चेंडू चालतो, माणूस चालत नाही

भारतीय क्रिकेटचा इतिहास राजे-महाराजे, नवाब आणि गोरे साहेब यांच्यापासून सुरू करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ज्याच्या डाव्या हाताच्या फिरकीवर हिंदू संघाची सारी भिस्त होती, तो पालवणकर बाळू या इतिहासात तळटीपेपुरताच उरतो. आमच्या धर्माबादच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू टाकणाऱ्या पोरांना हे नाव विचारावे, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हा विसर आपोआप पडलेला नाही. म्हणूनच बाळूंच्या कारकिर्दीकडे खेळाच्या नव्हे, तर समाजव्यवस्थेच्या इतिहासातील एक पुरावा म्हणून पाहिले पाहिजे.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा. कुटुंब चर्मकार, मूळ गाव कोकणातील पालवण. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले, पगार महिना 3 रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपयांवर लागले. रोलर फिरवायचा, जाळी उभारायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे, ही चाकरी. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला फलंदाज. आपल्याला बाद केल्यास तो दर वेळी बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. पण त्या क्लबात बाळूंच्या हाती कुणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते चाकराने करावे; फलंदाजी हा मान, तो मालकाने घ्यावा. वर्णव्यवस्थेतील श्रमविभागणी मैदानावरही उतरली होती, आणि ती साहेबालाही सोयीची होती!

पुण्यातील हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही, यावर तेथे वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्यावे म्हणत. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी जिंकण्याची गरज विटाळापेक्षा मोठी ठरली. बाळू संघात आले. मात्र चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या कपात. जेवणाचे ताट वेगळे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चेंडू चामड्याचा. चामड्याचे काम करतो म्हणून ज्याच्या जातीला अस्पृश्य ठरवले, त्याच्या हातून सुटलेला चामड्याचा चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक आनंदाने झेलत होता. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. धर्मशास्त्राचा हा कोणता न्याय?

पुढे बाळू मुंबईत आले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा ते हिंदूंचे प्रमुख गोलंदाज होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण 114 बळी मिळवले. महाराज कर्णधार आणि सारा भार चर्मकाराच्या खांद्यावर, हे चित्र पुरेसे बोलके आहे.

बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधीच मिळाले नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळले, आणि आजारी कर्णधाराच्या जागी त्यांच्या भावांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला नेमले. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. हा केवळ रुसवा नव्हता. स्वाभिमानाने दिलेला जाहीर नकार होता. त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी तिघाही भावांना बोलवावे लागले, बाळूंना उपकर्णधार करावे लागले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. मागून जे मिळत नव्हते, ते नकाराने मिळाले.

बाळूंचे राजकारण आपल्याला अडचणीचे वाटते, म्हणून ते झाकून ठेवणे योग्य नाही. ज्या तरुण आंबेडकरांना त्यांचा अभिमान होता, त्यांच्याच विरोधात 1937 साली मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. पुणे करारावर दोघांच्याही सह्या होत्या. सवर्णांच्या मैदानावर गुणांच्या बळावर जागा मिळवलेल्या माणसाला त्यांचे हृदयपरिवर्तन शक्य वाटले असेल; बाबासाहेबांना हक्क हवे होते. पण कप्तानीचा अनुभव कुणाच्या बाजूने साक्ष देतो? एकटा गुणवंत कितीही मोठा झाला, तरी भावांच्या सामूहिक नकारापर्यंत दार उघडले नव्हते.

33 प्रथम श्रेणी सामने, 179 बळी, सरासरी 15.21. असा गोलंदाज 1955 साली मुंबईत वारला. विठ्ठल पालवणकरांनी 1948 साली आपले आत्मकथन मराठीत लिहून ठेवले. आत्मकथनांची परंपरा सांगताना आपण त्याचे नाव घेतो का? वस्तीतल्या व्यायामशाळेत, शाळेच्या भिंतीवर, क्रीडादिनाच्या भाषणात या सहा अक्षरी आडनावाला नव्हे, तर या घराण्याच्या संपूर्ण लढ्याला जागा मिळाली पाहिजे. ते काम कोणती जिमखाना समिती करणार नाही. ते शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनीच करायचे आहे.