चेकपॉइंटची पहारेकरी नव्हे, साक्षीदार : पॅलेस्टाईनमधील नाक्यांवर नोंद ठेवणारे स्वयंसेवक

नाका म्हटला की आपल्याला टोलनाका आठवतो, थोरल्या मंडळींना जुना जकात नाका. पैसे भरले की गाडी पुढे. वेस्ट बँकमधल्या लष्करी नाक्याचे तसे नाही. तिथे माणूसच अडवला जातो, आणि आज सोडले म्हणून उद्या सोडतील याची खात्री नसते.

मुळात एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे नाके इस्रायलच्या सरहद्दीवर आहेत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बरेचसे पॅलेस्टिनी गाव आणि पॅलेस्टिनी शहर यांच्या मध्येच आहेत. वेस्ट बँकचा सगळा प्रदेश पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने 2025 च्या सुरुवातीला रस्त्यांवरचे 849 अडथळे मोजले. यात सैनिक असलेल्या चौक्या आल्या, रस्त्यावरची लोखंडी फाटके आली आणि नुसते मातीचे ढीग व सिमेंटचे ठोकळेही आले. मातीच्या ढिगावर सैनिक लागत नाही; गावाचा रस्ता बंद करायला तो एकटा पुरतो. याशिवाय ‘उडते’ नाके असतात. लष्कराची जीप कुठेही आडवी लावली की नाका तयार.

कोण कुठे जाईल हे ओळखपत्रावर ठरते. वेस्ट बँकच्या माणसाचे ओळखपत्र हिरव्या पाकिटात, जेरुसलेमच्या रहिवाशाचे निळ्या. गाडीच्या नंबरप्लेटचा रंगही वेगळा : पॅलेस्टिनी गाडीला पांढरी-हिरवी, इस्रायली गाडीला पिवळी. हिरवे ओळखपत्र असलेल्याला जेरुसलेमला जायचे तर परवाना लागतो. त्याला अरबीत ‘तसरीह’ म्हणतात. दवाखान्यासाठी तसरीह, मजुरीसाठी तसरीह, नमाजसाठीही तसरीह. 2024 च्या रमजानमध्ये मस्जिदे अक्सातल्या जुम्याच्या नमाजसाठी वेस्ट बँकमधून फक्त 55 वर्षांवरील पुरुष, 50 वर्षांवरील स्त्रिया आणि 10 वर्षांपर्यंतची मुले यांनाच मुभा होती, तीही परवाना असेल तर. म्हणजे बैतुल मुकद्दसपासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या तिशीतल्या तरुणाला रमजानचा जुमा तिथे अदा करता येत नाही.

या सगळ्याची रोजच्या रोज नोंद ठेवणाऱ्यांत सर्वांत जुने आणि चिकाटीचे नाव म्हणजे ‘मख्सोम वॉच’. ‘मख्सोम’ हा नाक्यासाठीचा हिब्रू शब्द. नाक्यांवर उभे राहून पॅलेस्टिनींच्याही बोलण्यात तो रुळला आहे. दुसरा इंतिफादा सुरू झाल्यावर, 2001 च्या सुरुवातीला, काही इस्रायली स्त्रियांनी हे काम सुरू केले. सदस्य फक्त स्त्रिया, बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, कित्येक आजी झालेल्या. पुढे त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. फक्त स्त्रियाच का? नाक्यावरचा सैनिक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असतो, आणि समोर आजीच्या वयाची बाई वही घेऊन उभी राहिली की तणाव वाढण्याऐवजी थोडा उतरतो, असा त्यामागचा हिशेब होता. वहीत अगदी साध्या गोष्टी जातात. रांग किती लांब, फिरत्या लोखंडी दारांपैकी किती उघडी, कोण किती वेळ थांबला, कुणाला परत पाठवले आणि कारण काय सांगितले. हे अहवाल हिब्रू आणि इंग्रजीत प्रसिद्ध होतात.

एखादा अहवाल वाचला तर त्यात फारसे काही घडत नाही असे वाटेल. माझ्या मते त्याचे मोल तिथेच आहे. गोळीबार झाला तर बातमी होते. मजूर पहाटे तीन वाजता कलंदिया किंवा बेथलेहेमच्या नाक्यावर रांगेत उभा राहिला आणि तरी कामाला उशिरा पोचला, याची बातमी कुणी करत नाही. प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या बायकांना नाक्यांवर अडवले गेले, काहींची बाळंतपणे तिथेच झाली, बाळे दगावली, हे संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत आले. पण एकेका दिवसाचा त्रास कागदावर येण्यासाठी तिथे कुणीतरी उभे असावे लागते.

एकदा मात्र यांच्या चित्रफितीने इस्रायल ढवळून निघाले. नोव्हेंबर 2004 मध्ये नाब्लुसजवळच्या बैत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी व्हायोलिनवादक सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवताना मख्सोम वॉचच्या एका स्वयंसेविकेने टिपला. वाजवण्याची सक्ती नव्हती, असे लष्कराने नंतर म्हटले. पण नाझी छावण्यांत ज्यू वादकांना वाजवायला लावत, ती आठवण इस्रायली समाजात जागी झाली आणि वर्तमानपत्रांत वाद पेटला.

बाहेरच्या देशांतूनही लोक येतात. जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांच्या आवाहनानंतर जागतिक चर्च परिषदेने 2002 मध्ये सोबतीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक साधारण तीन महिने राहून नाके, शाळेच्या वाटा, शेतीची फाटके यांवर लक्ष ठेवतात. हेब्रॉनच्या दक्षिणेला तुवानी गावाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांवर वसाहतवाल्यांचे हल्ले होत, म्हणून 2004 पासून इस्रायली लष्करच मुलांना पोचवू लागले. आता लष्कराची जीप वेळेवर येते की नाही, हे पाहायला पुन्हा स्वयंसेवक! खुद्द हेब्रॉनमध्ये 1994 च्या रमजानमध्ये इब्राहिमी मस्जिदीत फज्रच्या वेळी 29 नमाजी मारले गेले. त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक आले. 2019 मध्ये इस्रायलने त्याची मुदत वाढवली नाही. आजही त्या मस्जिदीत जायला नाका ओलांडावा लागतो.

या कामावर टीकाही आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. सैनिकाला विनवणी करून एखाद्याला सोडवले तर कब्जा थोडा सुसह्य होतो, संपत नाही. हा प्रश्न मख्सोम वॉचमधल्या बायका स्वतःच विचारत आल्या आहेत. शिवाय त्यांना तिथे उभे राहता येते ते त्यांच्याकडे इस्रायली नागरिकत्व आहे म्हणून. पॅलेस्टिनी माणसाने तसेच उभे राहून वही उघडली तर काय होईल हे सांगायला नको. मोठे नाके आता विमानतळासारखे झालेत, सैनिक काचेमागे, आवाज स्पीकरमधून. बाहेरून दिसते तेही कमी. म्हणून या बायकांनी इतर कामेही घेतली : सुरक्षा यंत्रणेच्या काळ्या यादीत अडकलेल्यांचे परवान्यासाठीचे अर्ज, लष्करी कोर्टांत बसून सुनावणीची नोंद.

ऑक्टोबर 2023 नंतर चित्र आणखी बिघडले. कामाचे परवाने थांबले आणि वेस्ट बँकमधून इस्रायलमध्ये जाणाऱ्या लाखाहून अधिक मजुरांची रोजी गेली. त्यांच्या जागा भरायला भारतातून कामगार नेले जाऊ लागले. 2024 मध्ये पुण्यातही त्यासाठी भरती झाली.

दुसरीकडे भिंतीपलीकडे जमीन राहिलेल्या शेतकऱ्यांचे हाल. 2002 पासून बांधलेल्या या भिंतीचा बहुतांश मार्ग वेस्ट बँकच्या आतून जातो. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. स्वतःच्या जैतुनाच्या बागेत जायला त्या शेतकऱ्याला परवाना लागतो आणि फाटक उघडण्याची वाट पाहावी लागते. कित्येक फाटके वर्षभरात फक्त जैतुन तोडणीच्या दिवसांत उघडतात. नांगरट, छाटणी, तण काढणे ही कामे उरलेल्या महिन्यांत असतात, तेव्हा फाटक बंद.